पार्श्वभूमी : लहानपणीचे चित्रपट आणि मोठ्या झालेल्या मुली

लहानपणी आवडलेल्या एखाद्या चित्रपटाने आपल्याला घडवले, असे अनेक स्त्रिया आज आपुलकीने सांगतात. या विषयाचा पहिला पद्धतशीर अभ्यास मात्र काळजीपोटी झाला होता. अमेरिकेत १९२९ ते १९३२ या काळात ‘पेन फंड’ या खासगी निधीच्या पाठबळावर मुलांवर आणि तरुणांवर चित्रपटांचा काय परिणाम होतो याची पाहणी करण्यात आली आणि १९३३मध्ये तिचे अहवाल प्रसिद्ध होऊ लागले. त्यांपैकी शिकागो विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर यांचे काम आजही वाचण्याजोगे आहे, कारण त्यांनी तरुण-तरुणींना आपापली चित्रपटविषयक आत्मचरित्रेच लिहायला सांगितली. नट्यांसारखी केशभूषा करणे, त्यांच्यासारखे बोलून आणि चालून पाहणे, प्रेमात कसे वागावे हे पडद्यावरून उचलणे, असे पुष्कळ तपशील त्या लेखनात आढळतात. त्याचबरोबर पडद्यावरच्या तरुणींचे मोकळे आयुष्य पाहिल्यावर आपल्या घरची बंधने जाचू लागली, असेही काही मुलींनी लिहिले होते. चित्रपटांनी मुले बिघडतात या तेव्हाच्या भीतीला अशा कबुल्यांमुळे खतपाणी मिळाले असणार. आज त्या वाचताना मात्र एखादी मुलगी आपल्या परिस्थितीकडे प्रथमच बाहेरून पाहते आहे, असे जाणवते.

तो अभ्यास झाला तेव्हा चित्रपट पाहणे ही क्षणिक गोष्ट होती. चित्रपटगृहातून उतरलेला चित्रपट पुन्हा कधी दिसेल याचा भरवसा नसे, आणि उरे ती केवळ आठवण. लहानपणचा चित्रपट आयुष्यभर सोबत राहू लागला तो पुढे, पारायणाची सोय झाल्यावर. या साऱ्या इतिहासातला हा धागा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि चित्रपटांच्या कथानकांवर वाद घालताना तोच बहुधा निसटतो. डिस्ने कंपनीचा ‘स्नो व्हाइट’ हा पूर्ण लांबीचा चलच्चित्रपट (म्हणजे ॲनिमेशनपट) डिसेंबर १९३७मध्ये प्रथम दाखवला गेला. पुढे साधारण सात वर्षांनी आपले जुने चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत आणण्याचा प्रघात कंपनीने पाडला. मुलांची नवी पिढी तेवढ्या काळात तयार होते, हा त्यामागचा व्यापारी हिशेब होता. पण त्याचा एक परिणाम असाही झाला की आईने ज्या वयात जो चित्रपट पाहिला, त्याच वयात तोच चित्रपट तिच्या मुलीलाही पाहता आला.

दूरचित्रवाणीने पुढची पायरी गाठली. १९३९चा ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ अमेरिकेत दूरचित्रवाणीवर प्रथम १९५६मध्ये दाखवला गेला आणि १९५९पासून त्याचे प्रक्षेपण हा दरवर्षीचा शिरस्ता झाला. वादळाने घरापासून दूर फेकल्या गेलेल्या, प्रवास सुरू ठेवणाऱ्या आणि सोबत्यांना धीर देणाऱ्या एका मुलीची ही गोष्ट लक्षावधी मुलींनी वाढत्या वयाच्या प्रत्येक टप्प्यावर नव्याने पाहिली. बहुतेक घरांतले संच तेव्हा कृष्णधवल होते. त्यामुळे नायिका दार उघडते आणि रंगांचे जग समोर येते तो प्रसिद्ध क्षण अनेकींना प्रत्यक्षात करड्या छटांतच दिसला, ही गंमत नोंदवून ठेवायला हवी. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात घरगुती व्हिडिओ कॅसेट आली आणि १९८०च्या दशकात ती घरोघरी पोहोचली. मग वाट पाहणेच संपले. एकच चित्रपट शेकडो वेळा पाहून संवाद तोंडपाठ करणारी, हवे ते दृश्य मागे नेऊन पुन्हा लावणारी आणि नको असलेला भाग पुढे पळवणारी मुलगी तेव्हापासूनची आहे.

दरम्यान या चित्रपटांची आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या परीकथांची झडती सुरू झाली होती. १९७०मध्ये लेखिका ॲलिसन ल्यूरी यांनी परीकथांमध्ये धीट आणि कर्त्या स्त्रिया पुष्कळ आहेत असे म्हणून त्यांची बाजू घेतली. त्यावर १९७२मध्ये मार्सिया लीबरमन यांनी असे उत्तर दिले की मुलींपर्यंत खरोखर पोहोचतात त्या मोजक्या लोकप्रिय कथा, आणि त्यांत सुंदर असणे व निमूट सोसणे यांनाच बक्षीस मिळते. १९७५मध्ये चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी हॉलिवूडच्या चित्रपटांतील कॅमेरा स्त्रीकडे पुरुषाच्या नजरेने पाहतो, असे मांडले. हे सारे विवेचन पडद्याविषयी होते; समोर बसलेल्या स्त्रीला फारसे कोणी विचारले नव्हते.

ते काम ब्रिटनमध्ये झाले. चित्रपट-अभ्यासक जॅकी स्टेसी यांनी स्त्रियांच्या मासिकांतून आवाहन करून १९४० आणि १९५०च्या दशकांतील नट्यांविषयीच्या आठवणी मागवल्या. तीनशेहून अधिक पत्रे आली, आणि त्यांवर आधारलेला अभ्यास १९९४मध्ये प्रसिद्ध झाला. नटीची भक्ती करणे आणि चित्रपटगृहात घटकाभर स्वतःला विसरणे वेगळे आणि बाहेर आल्यावर तिच्यासारखे असल्याचे नाटक करणे, तिच्याशी आपले साम्य शोधणे, तिची केशरचना किंवा वेश उचलणे वेगळे, असा बारकाईचा भेद स्टेसी यांनी त्या पत्रांतून दाखवला. मुली पडद्यावरचे जसेच्या तसे गिळत नाहीत, त्यातून वेचून घेतात, हे यातून स्पष्ट झाले. ॲनेट कून यांनी १९३०च्या दशकात वाढलेल्या वृद्धांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली : कथानक पुसट झाले होते, पण कोणाबरोबर गेलो, कोणत्या रस्त्याने गेलो आणि अंधारात बसून काय वाटले, हे लख्ख आठवत होते. आपल्याला घडवणाऱ्या चित्रपटाविषयी एखादी स्त्री बोलते तेव्हा ती पुष्कळदा त्या बाकावर शेजारी बसलेल्या माणसाविषयीही बोलत असते.

मोजमाप करणाऱ्या अभ्यासांनी अलीकडे या चर्चेत भर घातली आहे, आणि त्यांचे निष्कर्ष सरळ रेषेत जात नाहीत. २०१६मध्ये भाषाभ्यासक कार्मेन फॉट आणि कॅरन आयझेनहॉअर यांनी डिस्नेच्या राजकन्यांच्या चित्रपटांतील संवाद मोजले. ‘स्नो व्हाइट’मध्ये स्त्री-पुरुषांचे बोलणे जवळपास सारखे होते, तर १९८९च्या ‘द लिटल मरमेड’मध्ये ६८ टक्के संवाद पुरुषपात्रांच्या वाट्याला गेले होते. नायिका बंडखोर झाली, पण तिच्या भोवती बोलणारे बहुतेक पुरुष. त्याच वर्षी सारा कॉइन आणि सहकाऱ्यांनी १९८ लहान मुलांच्या पाहणीत असे नोंदवले की राजकन्यांच्या विश्वात अधिक रमणारी मुले वर्षभराने अधिक ठरीव ‘बायकी’ वागणुकीकडे झुकलेली होती. काही वर्षांनी मुले मोठी झाल्यावर केलेल्या पाठपुराव्यात मात्र चित्र उलटे दिसले : लहानपणी त्या विश्वात रमलेली मुले पुरुषी वर्चस्वाच्या कल्पना कमी मानत होती. अशा पाहण्यांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण पाच वर्षांच्या मुलीच्या खेळावरून तिच्या पुढच्या विचारांचे भाकीत करू नये, एवढे त्यांवरून म्हणता येते.

हे चित्रपट कोण तयार करत होते, तेही पाहिले पाहिजे. उपलब्ध असलेला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा चलच्चित्रपट १९२६चा, आणि तो केला जर्मनीच्या लोटे रायनिगर या स्त्रीने. तरीही १९३८मध्ये डिस्नेकडे काम मागणाऱ्या एका तरुणीला, चित्रांची सर्जनशील कामे येथे फक्त पुरुष करतात, असे लेखी कळवण्यात आले. स्त्रियांसाठी काम होते ते पारदर्शक सेल्युलॉइडच्या तावांवर शाईने रेषा गिरवण्याचे आणि रंग भरण्याचे. या कंपनीच्या चलच्चित्रपटाची पटकथा लिहिणारी पहिली स्त्री म्हणजे लिंडा वुल्व्हर्टन, आणि तो चित्रपट म्हणजे १९९१चा ‘ब्यूटी अँड द बीस्ट’. कंपनीच्या स्वतःच्या ॲनिमेशन स्टुडिओतील चित्रपटाच्या दिग्दर्शनात स्त्रीचे नाव यायला २०१३ उजाडले. पुस्तकांत डोके खुपसून चालणारी वुल्व्हर्टन यांची नायिका, त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, कॅथरीन हेपबर्न यांनी रंगवलेल्या ‘लिटल विमेन’मधल्या ‘जो’ या नायिकेवरून सुचली. तो चित्रपट १९३३चा. तरुण-तरुणींच्या चित्रपट-आत्मचरित्रांवरचा ब्लूमर यांचा अहवाल प्रसिद्ध झाला तेच ते वर्ष.