चिनी अक्षरातली कवडी

चिनी अक्षरं म्हणजे चित्रं, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. सूर्य, डोंगर, झाड अशा थोड्या अक्षरांपुरता तो बरोबरही आहे. बाकीची, दहातली आठ तरी, जोडून बनवलेली: एक तुकडा अर्थाचा, दुसरा उच्चाराचा. 'आई'चं अक्षर घ्या. डावीकडे बाई, उजवीकडे घोडा. आईचा घोड्याशी काय संबंध? काहीच नाही. घोड्याला चिनीत 'मा' म्हणतात आणि आईलाही 'मा', फक्त सूर वेगळा. म्हणून घोडा उसना आणला. हाच घोडा किड्याच्या खुणेशेजारी बसला की मुंगीच्या नावातला 'मा' होतो.

कोशात अक्षर ज्या तुकड्याखाली शोधायचं तो रॅडिकल, चिनीत 'बूशौ'. बहुतेक वेळा तो अर्थाचाच तुकडा असतो. ही सोय हान काळातल्या श्यू शन या पंडिताची. इ.स. १००च्या सुमारास त्याने नऊ हजारांवर अक्षरं ५४० गटांत लावली. १७१६च्या खांगशी कोशात गट २१४ उरले.

या सगळ्यांत मला कवडीची खूण सर्वांत आवडते. महाग, गरीब, माल, कर्ज, जुगार, नुकसानभरपाई: पैशाचा संबंध आला की अक्षरात बहुधा कुठेतरी कवडी असते. सव्वातीन हजार वर्षांपूर्वी, शांग घराण्याच्या राजांच्या काळात तिला खरंच मोल होतं. १९७६ साली त्यांच्या जुन्या राजधानीच्या जागी, आनयांगला फू हाव या शांग राणीची कबर उघडली, तेव्हा आत सुमारे सात हजार कवड्या निघाल्या. आनयांग समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. एवढ्या लांबून आलेली कवडी कवडीमोल कशी असेल? 'गरीब'च्या अक्षरात तर वर 'वाटणे' आणि खाली कवडी आहे. वाटत वाटत संपलेला पैसा! शिवाय वरचा तुकडा उच्चारही सुचवतो, म्हणजे एका दगडात दोन पक्षी.

पण खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. 'सदस्य' या अर्थाच्या अक्षरातही कवडी दिसते, मात्र मुळात ते तीन पायांचं काशाचं भांडं होतं. लिहिता लिहिता पाय आखडले आणि भांड्याची कवडी झाली. उलट १९५६नंतर चीनमध्ये लिपी सोपी करताना 'खरेदी' आणि 'विक्री' या दोन्ही अक्षरांतून खरीखुरी कवडी गेली. हे मला जरा करंटेपणाचंच वाटतं.

उच्चाराचा तुकडा तर याहून लवकर झिजतो. 'नदी'च्या एका अक्षरात पाण्याच्या तीन थेंबांशेजारी 'काम' हे अक्षर आहे. आजच्या प्रमाण चिनीत नदी 'च्यांग' आणि काम 'कुंग', म्हणजे मेळच नाही. हाँगकाँगच्या कँटनीजमध्ये मात्र 'कोंग' आणि 'कुंग'. जुनं नातं तिथे अजून ऐकू येतं.

खुद्द श्यू शनही फसला होता. 'करणे' या अर्थाच्या अक्षरात त्याला माकडीण दिसली. बिचाऱ्यासमोर त्या अक्षराची जुनी रूपंच नव्हती. औषध म्हणून 'ड्रॅगनची हाडं' विकली जात, त्यांतल्या काहींवर प्राचीन लेखन आहे, हे १८९९ साली वांग यीरोंग या चिनी विद्वानाच्या लक्षात आलं. ती होती बैलांच्या खांद्याची हाडं आणि कासवांची कवचं. सव्वातीन हजार वर्षांपूर्वी शांग राजे त्यांवर प्रश्न कोरून देवांना आणि पूर्वजांना कौल लावत. त्या हाडांवर 'करणे' म्हणजे सोंडेजवळ एक हात, आणि खाली हत्ती. माणूस हत्तीला कामाला नेतोय.

उत्तर चीनमध्ये हत्ती? तेव्हा हवा आजच्यापेक्षा उबदार होती, आणि आनयांगच्या उत्खननात हत्तींचे सांगाडेही मिळाले आहेत. आनयांग आज हनान प्रांतात येतं. त्या प्रांताच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर सुरुवातीला 'यू' हे अक्षर असतं. त्याचा डावा तुकडा उच्चार सांगतो, उजवा हत्ती आहे.