व्हेनिसची क्रूझबंदी वेगळी आणि व्हेनिसचं पाच युरोचं तिकीट वेगळं

परवा मामेबहिणीचा फोन आला. मे महिन्यात इटलीला चाललेत. म्हणाली, अगं व्हेनिसने क्रूझवाल्यांना ते शहरात शिरायचं पाच युरोचं तिकीट लावलंय ना, आम्ही तर ट्रेनने जाणार, मग आम्हाला नाही ना लागणार? मी म्हटलं थांब, सगळं उलटंपालटं झालंय तुझं. दिवसभरासाठी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्यांसाठीच ते तिकीट आहे, मग ट्रेनने या नाहीतर बसने. आणि क्रूझचा जो नियम आहे त्याचा माणसांशी संबंधच नाही, तो फक्त जहाज बघतो. हा गोंधळ खूप जणांचा होतो, म्हणून जरा नीट लिहितेय.

आधी जहाजांचं. १ ऑगस्ट २०२१ पासून सान मार्को या व्हेनिसच्या मुख्य चौकासमोरचं पाणी, सान मार्को कालवा आणि जुदेक्का कालवा इथे मोठ्या जहाजांना मनाई आहे, इटलीच्या सरकारने त्या पाण्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा देऊनच हे केलं. मोठं म्हणजे केवढं, तर २५,००० ग्रॉस टनेजच्या वर, किंवा लांबी १८० मीटरच्या वर, किंवा पाण्यापासून उंची ३५ मीटरच्या वर, यातलं एकही ओलांडलं की बस्स, शिवाय इंधनात गंधक किती याचीही अट आहे. आणि ग्रॉस टनेज म्हणजे जहाजाचं वजन नाही हं, आतली एकूण जागा किती त्यावरून काढलेला आकडा आहे तो. अजून एक, बऱ्याच जणांना वाटतं की ही जहाजं शहराच्या मधोमध जाणाऱ्या ग्रँड कॅनलमधून जायची, रिआल्टो पुलाच्या तिथून. कसं शक्य आहे? ती जायची शेजारच्या रुंद जुदेक्का कालव्यातून, पण तिथून सान मार्कोचा चौक इतका जवळ की फोटोत जहाज चर्चच्या डोक्यावर उभं असल्यासारखं दिसायचं.

२ जून २०१९ चा व्हिडिओ ज्यांनी पाहिलाय त्यांना समजावून सांगायला लागत नाही. रविवारची सकाळ, एमएससी ऑपेरा नावाचं २७५ मीटर लांबीचं जहाज जुदेक्का कालव्यावरच्या सान बासिलिओच्या धक्क्याकडे सरळ येतंय, भोंगा सारखा वाजतोय, थांबता थांबत नाहीये, धक्क्यावरची माणसं आधी बघत उभी आणि मग एकदम पळत सुटलेली, आणि जहाज धक्क्याला घासत तिथे लागलेल्या एका पर्यटक बोटीवर जाऊन आदळलं. चार जण जखमी झाले. मला आजही तो भोंगा ऐकला की पोटात गोळा येतो.

बरं ही बंदी काही अचानक सुचलेली नव्हती. जानेवारी २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं क्रूझ जहाज बुडून ३२ माणसं गेली, त्यानंतर लगेच मार्चमध्ये ४०,००० टनेजच्या वरच्या जहाजांना इथून बंदी करणारा हुकूम निघाला होता. फक्त त्यात एक मेख होती, पर्यायी वाट तयार झाल्यावर बंदी लागू. वाट काही तयार होईना आणि जहाजं येतच राहिली. गावातली माणसं छोट्या बोटी घेऊन कालव्यात उतरून निदर्शनं करत राहिली, शेवटी २०२१ मध्ये युनेस्को व्हेनिसला धोक्यातल्या वारशाच्या यादीत टाकायच्या बेतात होती तेव्हा कुठे हललं.

आणि आता जे कुणी फारसं सांगत नाही ते. जहाजं शहरासमोरून हटली, पण लगूनमधून, म्हणजे व्हेनिसभोवतीच्या उथळ खाऱ्या पाण्यातून, हटली नाहीत. आता मोठी जहाजं मालामोक्को नावाच्या, समुद्रातून लगूनमध्ये यायच्या तोंडाने आत शिरतात, तेलाच्या टँकरसाठी साठच्या दशकात खणलेल्या कालव्याने मार्गेराच्या औद्योगिक बंदराला जातात. अरुंद खोल चरातून एवढं धूड गेलं की कडेचं पाणी आधी एकदम खाली ओढलं जातं आणि मग जोरात परत येतं, तसं येताजाता कडेचा गाळ सुटतो, चरात उतरतो, चर परत उपसावा लागतो. आपल्या कोकणातल्या खाजणासारखी जी दलदलीची जमीन तिथे आहे, जी लाटांचा मारा अंगावर घेते, ती अशीच झिजत चाललीय. फोटोतून जहाज गेलं म्हणजे प्रश्न सुटला असं मला अजिबात वाटत नाही, व्हेनिस म्हणजे फक्त चौक नाही, ते पाणी आणि तो गाळ पण व्हेनिसच आहे.

आता तिकीट. ते पालिकेचं आहे, २५ एप्रिल २०२४ ला सुरू झालं, पहिल्या वर्षी २९ दिवस आणि २०२५ मध्ये ५४ दिवस, म्हणजे रोज नसतं, गर्दीचे ठरावीक दिवस असतात. वेळ सकाळी साडेआठ ते दुपारी चार. २०२५ पासून चार दिवस आधी काढलं तर ५ युरो नाहीतर १०. चौदा वर्षांखालच्या मुलांना नाही. मुरानो, बुरानो ही बेटं त्यात येत नाहीत. आणि महत्त्वाचं म्हणजे यात किती माणसं आत सोडायची याला मर्यादाच नाही, पैसे भरा आणि या. ज्या जुन्या शहरात राहणारी माणसं १९५१ मध्ये पावणेदोन लाख होती आणि आता ५०,००० च्याही खाली आलीत, त्या गावाला हे पुरेल का? मला नाही वाटत.

दोन्ही गोष्टी कधी एकाच माणसाच्या वाट्याला येतात का, तर हो. क्रूझने येऊन दिवसभर व्हेनिस बघणाऱ्याचं जहाज कुठेही लागलेलं असू दे, त्या दिवशी तिकीट असेल तर ते काढावंच लागतं. क्रूझच्या कार्यक्रमात नुसतं 'व्हेनिस' लिहिलेलं असलं तर बंदर कुठलं ते विचारून घ्या, मार्गेरा असू शकतं, किओज्जा असू शकतं, रावेन्नासुद्धा, आणि रावेन्नाहून बसचे दोन-अडीच तास सहज जातात.

बहिणीचं हॉटेल मेस्त्रेला निघालं. मेस्त्रे व्हेनिसच्याच पालिकेत येतं, तिथे मुक्काम म्हणजे तिकीट माफ, कारण हॉटेलात टुरिस्ट टॅक्स भरलेला असतो. पण माफी आपोआप नाही मिळत, ऑनलाइन नोंद करून क्यूआर कोड घ्यायचा असतो, तपासणीत तिकीटही नाही आणि कोडही नाही असं सापडलं तर ५० पासून ३०० युरोपर्यंत दंड आहे. तिचे दीर-जाऊ मात्र पादोव्याला, म्हणजे दुसऱ्याच शहरात, उतरणारेत, त्यांना काढायला सांगितलंय.