टोळकं म्हणजे टोळी नव्हे

‘कोयता गँग’ नावाची एक अशी गँग पुण्यात कधीच नव्हती. कोयते घेऊन फिरणारी पोरं होती आणि आहेत. त्यांनी माणसं जखमी केली, रात्री उभ्या रिक्षांच्या काचा फोडल्या, टपरीवाल्यांना दमदाटी केली. पण हडपसरची पोरं वारज्याच्या पोरांना ओळखतही नव्हती. सगळ्यांचा मिळून एक म्होरक्या नव्हता, एक हिशोब नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात अजित पवारांनी हा विषय मांडला आणि त्यानंतर ज्याच्या हातात कोयता दिसेल तो या एका नावाखाली जाऊ लागला. २७ जून २०२३ ला सदाशिव पेठेत एका तरुणीवर सकाळी भर रस्त्यात वार झाले. हल्लेखोर एकटा होता, तिच्या ओळखीतला होता. तरी आमच्या भागात दोन दिवस बोलणं चाललं होतं ते कोयता गँगचंच.

मला त्या नावाचाच राग आहे. बीड-नगरकडे ऊसतोडीच्या हिशोबात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. उचल त्या कोयत्यावर मिळते, संसार त्यावर चालतो. अशा अवजाराचं नाव एका नसलेल्या गँगला द्यायचं आणि वर रील्सवर त्याला संगीत लावायचं!

मराठीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आधीपासून आहेत. टोळकं आणि टोळी. ‘गँग’ने दोन्ही गिळले.

टोळी काय असते ते तुम्हाला माहीत आहे. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि संप मोडल्यावर भायखळा-लालबागच्या चाळींतली बेकार पोरं कोणाकडे गेली हा इतिहास मराठी घरांत पाठ आहे. खंडणी, जमिनी, सुपाऱ्या. १९९९ चा मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा, त्याच काळातून आला. त्यावर जास्त लिहीत नाही.

टोळकं म्हणजे एका गल्लीतली सहा-सात पोरं. दहावी-बारावीत अडकलेली, दिवसा डिलिव्हरीची कामं करणारी, रात्री चौकात बसणारी. वाढदिवसाला तलवारीने केक कापून त्याचा व्हिडिओ टाकणारी. ‘एरियात आपलं नाव पाहिजे’ एवढंच त्यांचं ध्येय. मारामारीचं कारण बहुतेक वेळा ‘माझ्याकडे का बघितलंस’ इतकं क्षुल्लक असतं. जखम मात्र क्षुल्लक नसते. टोळकं निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही, टोळक्याच्या हातूनही खून होतात.

म्हणूनच हत्यारावरून हा फरक ठरत नाही. वयावरूनही नाही. संख्येवरून तर मुळीच नाही: मोक्क्याच्या व्याख्येत संघटित गुन्हेगारीची टोळी व्हायला दोन माणसं पुरतात. कायदा बघतो ते वेगळंच. गेल्या दहा वर्षांत न्यायालयाने दखल घेतलेली एकाहून जास्त आरोपपत्रं आहेत का, आणि हिंसा किंवा धाक वापरून स्वतःचा वा दुसऱ्याचा आर्थिक किंवा दुसरा कुठला गैरफायदा साधला जातो का. थोडक्यात सातत्य आणि लाभ. रिक्षाच्या काचा फोडून कोणाला एक रुपया मिळत नाही.

सातत्य म्हणजे काय ते नाना पेठेत दिसलं. १ सप्टेंबर २०२४ ला माजी नगरसेवक वनराज आंदेकर यांचा तिथे खून झाला. ५ सप्टेंबर २०२५ ला त्याच पेठेत त्या खटल्यातल्या एका आरोपीच्या कोवळ्या मुलाला गोळ्या घातल्या गेल्या, आणि पोलिसांनी तो बदला असल्याचं सांगितलं. वर्षभर माणसं आत असतात आणि वैर बाहेर चालू राहतं. टोळक्याला असा धीर नसतो. दोघांना नोकरी लागली, एकाचं लग्न झालं, एकजण गावाला गेला की चौक रिकामा होतो. टोळीतला माणूस गेला तर त्याची जागा भरली जाते.

आता जिथे सगळे चुकतात ती जागा. टोळकं वाढत वाढत टोळी होतं, असं लोक समजतात. आज काच, उद्या कोयता, परवा पिस्तूल, अशी एक शिडी त्यांच्या डोळ्यांपुढे असते. सिंहगड रस्त्याकडच्या एका वस्तीत मी अकरा वर्षं अभ्यासिका चालवतो. तिथे मी ही शिडी एकदाही पाहिली नाही. पाहिलं ते असं, की टोळी टोळक्यातून एखादा पोरगा उचलते, आणि उचलण्याचा क्षण गुन्ह्याचा नसतो. तो जामिनाचा असतो.

विसर्जनाच्या रात्री झालेल्या भांडणात आमच्याकडचा सतरा वर्षांचा एक मुलगा पकडला गेला. पहिलीच वेळ. आई चार घरची धुणीभांडी करणारी, वकील कुठे मिळतो हेही तिला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी दारात बुलेट थांबली. ‘मावशी, वकील लावलाय आपण. पैशाचं काही बोलू नका, पोरगं आपलंच आहे.’ तिने हात जोडले. मीही तिच्या जागी जोडले असते. चार महिन्यांनी त्याच माणसाने मुलाला एक पिशवी दोन दिवस घरात ठेवायला सांगितली. पिशवीत काय आहे ते विचारायची सोय उरली नव्हती. ज्या दिवशी ती पिशवी घरात आली त्या दिवशी तो टोळक्यातून टोळीत गेला. हातात तेव्हा कुठलंही हत्यार नव्हतं.

म्हणून कोणी मला ‘तो पोरगा गँगमध्ये आहे का हो?’ असं विचारलं की मी एवढंच विचारतो, त्याचा जामीन कोणी केला?

नावाचा घोळ इथे थेट नुकसान करतो. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम १२ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला जामीन मिळणं हा नियम आहे, मग गुन्हा जामीनपात्र असो वा नसो. नाकारण्याची कारणं मोजकी, आणि त्यातलं एक म्हणजे सुटल्यावर तो माहीतगार गुन्हेगारांच्या संगतीत जाईल अशी शक्यता. चौकातल्या टोळक्याला कागदावर ‘गँग’ लिहिलं की हे कारण आयतं उभं राहतं. अठराच्या वरच्याचे हाल आणखी वाईट. तो तुरुंगात जातो, तिथे खरे टोळीवाले असतात, आणि बाहेर ज्याला कोणी ‘भाई’ म्हणत नव्हतं त्याला आत एक भाई भेटतो.

मुलांना पुढे करणाऱ्या मोठ्यांसाठीही कायदा आहे, त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. त्याच बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ मध्ये बेकायदा कामासाठी मुलांना वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ मध्ये गुन्ह्यासाठी मुलाला कामाला लावणाऱ्याला तीन ते दहा वर्षं कैद आहे, आणि गुन्हा घडला तर तो त्यानेच केला असं धरून शिक्षा. ‘विधिसंघर्षग्रस्त बालक ताब्यात’, म्हणजे अल्पवयीन आरोपी पकडला, अशी बातमी आली की मी पुढच्या ओळींत ही कलमं शोधतो. बहुतेक वेळा सापडत नाहीत. पोरांची धिंड काढल्याचे फोटो सापडतात.

टोळक्याला टोळीसारखं वागवू नका म्हटलं की लोकांना वाटतं मी पोरांना पाठीशी घालतोय. काच फुटलेल्या रिक्षावाल्याला भरपाई मिळालीच पाहिजे, आणि जखमी माणसाची फिर्याद नीट लिहून घेतलीच पाहिजे. पण त्यासाठी त्या सहा जणांना एक नाव, एक दरारा आणि एक आश्रयदाता मिळवून द्यायची गरज नाही.

त्या आईला तेव्हा जे माहीत नव्हतं ते आता अभ्यासिकेच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावलंय. अठरा वर्षांखालच्या मुलाला, स्त्रीला आणि कोठडीत असलेल्या कोणालाही सरकारी खर्चाने वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने, उत्पन्नाची अट न लावता. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. फोन १५१००. आणि खाली लाल पेनाने लिहिलंय: त्याच रात्री करा, सकाळी बुलेट येते.