टोकणं वेगळं, टोचणं वेगळं

मुलगा रात्री अकराला घरी येतो. जॅकेटला गांजाचा वास येतोय. सायकोसिसचा (नसलेले आवाज ऐकू येणं, भास होणं, वास्तवाचं भान सुटणं) पहिला एपिसोड होऊन चार महिने झालेत, गोळ्या चालू आहेत. वडील म्हणतात, "परत ओढून आलास ना? तुला कुणाची पर्वाच नाही." किंवा म्हणतात, "घरात गांजा चालणार नाही, हे आपलं ठरलंय. रात्रीची गोळी घेतलीस का?" दोन्हींच्या मागे धास्ती तीच, म्हणून बोलणाऱ्याला फरक कळत नाही. ऐकणाऱ्याला मात्र लगेच कळतो.

दुसरं बोलणं टोकण्याचं, आणि ते हवंच. एपिसोडनंतरही गांजा चालू राहिला तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, जास्त असलेल्या गांजाने आणखीच. तिथे गप्प बसून चालणार नाही.

टोचण्याचं काय होतं, तेही मोजलेलं आहे. लंडनमध्ये संशोधक जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाचे (ज्यात सायकोसिस होतो असा एक आजार) रुग्ण घरी गेल्यावर त्यांचं काय होतं ते पाहिलं. सतत टीका, राग किंवा रुग्णाच्या प्रत्येक गोष्टीत नको इतकं गुंतणं असलेल्या घरांत नऊ महिन्यांत ५८ टक्के रुग्णांचा आजार उलटला, बाकीच्या घरांत १६ टक्के. हे १९७२ साली प्रसिद्ध झालं. घरच्यांमुळे आजार होतो, असा याचा अर्थ अजिबात नाही. आजार वाढला की थकलेल्या घरातली टीकाही वाढते. हे दोन्ही बाजूंनी चालतं.

सगळ्यात जास्त टोचलं जातं ते अंथरुणावर पडून राहण्याबद्दल. अंघोळ नाही, फोन उचलत नाही, कशातच रस नाही. घरचे म्हणतात, गांजाने आळशी झालाय. कधी ते खरंही असतं. पण ओढणं थांबवून कित्येक आठवडे झाले तरी उत्साह परतत नसेल, तर ते बऱ्याचदा आजाराचंच लक्षण असतं, आणि लक्षणाला शिव्या देऊन ते जात नाही. मला वाटतं, बहुतेक भांडणं इथेच सुरू होतात.

आणि खिसे तपासणं, त्याच्या वतीने डॉक्टरांशी आपणच बोलणं? ते टोकण्यात बसत नाही. त्या संशोधनातलं नको इतकं गुंतणं ते हेच.

नशेत असताना वाद घालू नका. सकाळी शांतपणे विचारा, "ओढल्यावर तुला काय बरं वाटतं?" एखादा सांगतो, "झोप लागते. आवाज थोडे लांब जातात." आवाज अजून येतायत, हे डॉक्टरांना माहीत नसेल, तर गोळीचा डोस पाहायची वेळ तीच.