गेमच्या बॅगेतली न विकणारी अडगळ

ऑनलाइन गेममध्ये मिळालेल्या, पण आपल्याला नको असलेल्या आणि कुणाला विकताही न येणाऱ्या वस्तूंचं काय करायचं हा जवळजवळ प्रत्येक खेळाडूपुढचा प्रश्न आहे. मुंबईतली पोरं अशा मालाला सरळ भंगार म्हणतात, "बॅग फुल झाली रे, भंगार उडव आधी" हे लोकलमध्ये शेजारच्या सीटवरून कानावर पडणारं वाक्य. पण हे भंगार सगळं एका जातीचं नसतं. संपलेल्या क्वेस्टची (गेममध्ये दिलेल्या कामगिरीची) चावी, मागच्या इव्हेंटचे उरलेले टोकन, दुसऱ्यांदा आलेला तोच ड्रेस, लेव्हल वाढल्यावर बिनकामाची झालेली तलवार, आणि बाजारात टाकता येतं पण घ्यायलाच कुणी नाही असलं काहीतरी, या प्रत्येकाची वाट वेगळी असते आणि ती न बघता सगळं एकदम उडवणाऱ्याचं नुकसान होतं.

विकता येत नाही कारण बनवणाऱ्यांनी ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. १९९९ च्या एव्हरक्वेस्टमध्ये काही वस्तूंवर 'नो ड्रॉप' असं लिहिलेलं असायचं, म्हणजे ती दुसऱ्याला देताच येणार नाही. २००४ मध्ये आलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये तेच सोलबाउंड या नावाने रुळलं, काही वस्तू उचलल्या की आणि काही अंगावर चढवल्या की त्या कॅरेक्टरला कायमच्या चिकटतात. असं नसतं तर एकच चांगलं चिलखत हातोहात फिरत राहिलं असतं, जुन्याचं वापरून झालं की नव्याकडे, त्याचं झालं की आणखी कुणाकडे, आणि थोड्याच दिवसांत माल एवढा साठला असता की मेहनत करून नवीन मिळवायची कुणाला गरजच उरली नसती. डायब्लो ३ मध्ये याची उलटी बाजू दिसली. २०१२ मध्ये त्यात खऱ्या पैशांचा लिलाव बाजार सुरू केला आणि १८ मार्च २०१४ ला तो बंद केला, कारण राक्षस मारून सामान मिळवायचं हा त्या गेमचा जीव, तोच बाजारामुळे जातोय असं बनवणाऱ्यांनी स्वतःच कबूल केलं. त्याच महिन्यात आलेल्या रीपर ऑफ सोल्स या विस्तारापासून लेजंडरी, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ, वस्तू अकाउंटला बांधल्या गेल्या, सोबत खेळणाऱ्याला थोड्या वेळात द्यायची तेवढी सोय ठेवली. नको असेल तर लोहाराकडे नेऊन मोडायची, त्यातून फरगॉटन सोल नावाचा कच्चा माल निघतो आणि तो दुसऱ्या वस्तूला लागतो. माझ्या मते हा सौदा रास्त आहे, विकायचा हक्क काढून घेतलात तर मोडायची सोय द्यायलाच हवी.

जागेचा हिशोब प्रत्येक गेममध्ये वेगळा. रुनस्केपमध्ये अंगावरच्या बॅगेत २८ खाने, बस. रॅग्नारॉक ऑनलाइनमध्ये खान्यांपेक्षा वजनाची भानगड मोठी, ओझं अर्ध्याच्या वर गेलं की आपोआप ताकद भरून येणं थांबायचं आणि ९० टक्क्यांच्या वर गेलं की मारताच यायचं नाही, त्यामुळे सायबर कॅफेत तासावर पैसे भरून खेळणाऱ्याला आधी सामान कमी करण्यातच वेळ घालवावा लागायचा. टीम फोर्ट्रेस २ हा २०११ मध्ये फुकट झाला, तेव्हापासून फुकट खेळणाऱ्याला ५० खाने आणि दुकानातून काहीतरी घेतलेल्याला ३००. खाने विकून पैसे कमावणं हा धंदा आहे हे मान्य, पण आधी बॅगेत स्वतःच कचरा टाकायचा आणि मग जागा विकायची हे मला पटत नाही.

सुटकेची सगळ्यात चांगली वाट म्हणजे मोडून कच्चा माल करणं, आणि टीम फोर्ट्रेस २ मध्ये ती नीट बघायला मिळते. एकाच क्लासच्या, म्हणजे एकाच प्रकारच्या कॅरेक्टरच्या, दोन बंदुका वितळवल्या की एक स्क्रॅप मेटल, तीन स्क्रॅपचं एक रिक्लेम्ड, तीन रिक्लेम्डचं एक रिफाइन्ड. म्हणजे कुणी ढुंकून न बघणाऱ्या अठरा बंदुकांचं एक रिफाइन्ड होतं आणि त्या रिफाइन्डवर खेळाडू एकमेकांत टोप्यांचे व्यवहार करतात, तो धातूच तिथला पैसा होऊन बसला. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या ट्रेडिंग कार्डांचंही असंच, काही कार्डांचे बाजारात इतके कमी रुपये येतात आणि त्यातूनही ५ टक्के स्टीमचे आणि बहुतेक वेळा १० टक्के गेम कंपनीचे जातात, की विकत बसण्यापेक्षा त्यांची जेम्स करून टाकलेली बरी, जेम्सचे पुढे बूस्टर पॅक, म्हणजे नव्या कार्डांची पाकिटं, बनतात.

मुंबईत बहुतेकांचा गेम फोनवरच असतो, आणि तिथे बीजीएमआयमध्ये (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) दोन बॅगा वेगळ्या समजून घ्याव्या लागतात. मॅचमधल्या बॅगेतलं नको ते जमिनीवर टाकलं की स्क्वाडमधला कुणीतरी उचलतो, गोळ्या, बँडेज, स्कोप, काहीही, आणि मॅच संपली की सगळंच संपतं. लॉबीतल्या इन्व्हेंटरीतले ड्रेस आणि स्किन मात्र दुसऱ्या खेळाडूला विकायची सोयच नाही. क्रेटमधून, म्हणजे बक्षिसाच्या पेटीतून, तेच परत आलं तर त्याचं सिल्व्हर हे गेममधलं चलन होतं, काही वस्तू आपण स्वतः डिसमँटल करू शकतो, आणि ठरावीक दिवसांसाठी मिळालेलं मुदत संपली की आपोआप जातं, त्यामुळे अशा वस्तूंवर डोकं चालवायची गरजच नाही.

उडवायचंच झालं तर कुठे उडवतोय हे महत्त्वाचं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये चांगल्या दर्जाची वस्तू नष्ट करायची तर डिलीट हा शब्द अक्षर अक्षर टाइप करावा लागतो, तेवढ्या वेळात माणूस भानावर येतो. फोनवर बऱ्याचदा एका ओकेवर काम होतं. संध्याकाळची कल्याण फास्ट, एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात फोन, घाटकोपरला गर्दी आत घुसली की धक्का लागतो आणि अंगठा भलत्याच बटणावर पडतो. म्हणून गर्दीत फक्त लूट गोळा करावी आणि मोडामोडी बसायला जागा मिळाल्यावर करावी, गेममध्ये लॉकची सोय असेल तर आवडत्या वस्तूंना आधी लॉक लावावं. घरात एकच फोन असेल आणि धाकटा भाऊ किंवा आतेबहीण त्याच अकाउंटवर खेळत असेल तर आधी विचारावं, कारण आपल्याला भंगार वाटणारा तो टेडीचा ड्रेस तिचा जीव की प्राण असू शकतो.

काही वस्तू कामाच्या नसल्या तरी नुसत्या दिसण्यासाठी ठेवल्या जातात आणि बॅगेतली बरीच जागा तीच खातात. वॉरक्राफ्टने २०१६ च्या लीजन या विस्तारात यावर मला सगळ्यात आवडलेला उपाय काढला, वस्तू एकदा कॅरेक्टरला चिकटली की तिचं रूप वॉर्डरोबमध्ये कायमचं जमा होतं, मग मूळ वस्तू खुशाल मोडा. रूप एकीकडे आणि वस्तू एकीकडे झाल्यामुळे जुन्या खेळाडूंच्या गेममधल्या सामान ठेवायच्या बँका रिकाम्या झाल्या. चुकून गेलेली वस्तू परत मिळवायची सोयही त्या गेमच्या सपोर्टमध्ये आहे, पण सगळ्याच गेममध्ये ती नसते आणि असली तरी तिला मुदत असते, तेव्हा मोठी साफसफाई केली की त्याच दिवशी बॅग परत एकदा उघडून बघावी.