सेकंदाला तीन सेंटिमीटर

चवथ आठ दिवसांवर आली असताना डिचोलीच्या माझ्या पाच वर्षांच्या भाच्याचे अपेंडिक्स पोटात फुटले आणि शस्त्रक्रियेनंतर त्याला अकरा दिवस रुग्णालयात काढावे लागले. रोज सकाळी ड्रेसिंगची ट्रॉली वॉर्डात शिरली की माझ्या बहिणीला बाहेर पाठवले जाई, कारण "आई समोर असली की मूल जास्त रडते." असे सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते, परंतु हा समज मुलांवर अन्याय करणारा आहे.

मूल आईसमोर जास्त रडते हे खरे. ऐकणारे माणूस समोर आहे, म्हणून ते रडते. लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन या समाजसेवकांनी रुग्णालयात एकट्या राहिलेल्या लहान मुलांचे बारकाईने निरीक्षण केले आणि अशाच एका दोन वर्षांच्या मुलीवरचा त्यांचा चित्रपट १९५२ साली प्रदर्शित झाला. आईवडिलांपासून तुटलेले मूल आधी आक्रोश करते, मग खचते आणि शेवटी अलिप्त होते, असे त्यांना आढळले; म्हणजे जे मूल "आता रुळले" असे वाटते, ते पुष्कळदा खचलेले असते. पुढे १९५९ साली ब्रिटनमधील, रुग्णालयातील मुलांसाठी नेमलेल्या प्लॅट समितीने पालकांच्या भेटींवरील वेळेची बंधने काढून टाकण्याची शिफारस केली.

जवळ बसलेल्या आईचा हात मुलाच्या शरीरात नेमके काय करतो, हा यापुढचा प्रश्न मला सर्वांत विलक्षण वाटतो. स्पर्शाची माहिती मेंदूकडे नेणारे जाड चेतातंतू मायलिन या स्निग्ध पदार्थाच्या आवरणामुळे सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास वेगाने संदेश धाडतात. काय लागले, कुठे लागले, हे आपल्याला त्यांच्यामुळे कळते. त्वचेत याखेरीज सी-टॅक्टाइल नावाचे बारीक, आवरणहीन चेतातंतूही असतात, आणि त्यांचा संदेश सेकंदाला जेमतेम एक मीटर सरकतो. स्वीडिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ इंग्वे झोटरमन यांनी १९३९ साली ते मांजरात नोंदवले होते. माणसात ते सापडायला मात्र पुढे अर्धे शतक जावे लागले. हे तंतू मुख्यतः केसाळ त्वचेत असतात आणि सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरणाऱ्या, त्वचेइतक्याच उबदार स्पर्शाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. हात त्याहून भरभर फिरवला किंवा एकाच जागी नुसता ठेवला, तर त्यांचा प्रतिसाद मंदावतो. आजारपणात जाड तंतू गमावलेल्या एका महिलेच्या हातावरून संशोधकांनी मऊ ब्रश फिरवला, तेव्हा तो कोणत्या दिशेने फिरतो आहे हे तिला सांगता येईना, पण काहीतरी सुखद होत असल्याची अंधुक जाणीव तिला होत होती. त्या वेळी तिच्या मेंदूतील इन्सुला, म्हणजे भावना आणि शरीराची आतली अवस्था यांच्याशी निगडित भाग, सक्रिय झालेला दिसला.

वेदनेशी याचा संबंध ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवला. नवजात बाळांना टोचण्यापूर्वी सेकंदाला सुमारे ३ सेंटिमीटर वेगाने ब्रश फिरवल्यास वेदनेमुळे उमटणारी मेंदूतील विद्युत हालचाल कमी होते, आणि वेग ३० सेंटिमीटर केल्यास तो परिणाम दिसत नाही, असे त्यांना आढळले.

या संशोधनाचा आधार घेऊन कोणी "स्पर्शातून ऊर्जा" देण्याचे वर्ग विकत असेल, तर त्याच्या नादी लागू नये. देवाला गाऱ्हाणे जरूर घालावे, परंतु टाक्यांजवळ अंगारा लावल्यास जंतुसंसर्गाला वाट मिळते. कुरवाळणे हा वेदनाशामक औषधाला पर्यायही नव्हे. ड्रेसिंगच्या किती वेळ आधी औषध द्यावे, हे पालकांनी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे आणि त्यात संकोच बाळगू नये.

सातव्या दिवशी एका ज्येष्ठ परिचारिकेने बहिणीला खाटेशेजारी बसू दिले. घाबरल्यामुळे ती मुलाचा हात भरभर थोपटत होती. पाच वर्षांच्या मुलाचे मनगट ते कोपर हे अंतर साधारण पंधरा सेंटिमीटर भरते. म्हणून मी तिला सेकंदाला एक असे पाच आकडे मोजत, सावकाश, मनगटापासून कोपरापर्यंत हात फिरवायला सांगितले. चिकटपट्टी निघाली तेव्हा भाचा रडलाच. मात्र मुसमुसत तो आईबरोबर आकडे मोजू लागला, आणि ती घाईत तीनवरून पाचवर गेली तेव्हा "चार राहिला" म्हणून त्याने तिचा हात पुन्हा मनगटावर नेऊन ठेवला.