इराकची पुनर्बांधणी ‘काम झालं’ म्हणून थांबली नव्हती

“अमेरिकेला इराक पूर्ण उभा करायचाच नव्हता, फक्त सुरुवात करून द्यायची होती; ती झाली आणि निधी थांबला,” असं २००३ च्या इराक युद्धानंतरच्या पुनर्बांधणीबद्दल २००६ पासून सांगितलं जातं. हे खरं नाही. ऑगस्ट २००३ मध्ये खुद्द अध्यक्ष बुश यांनी इराकमधल्या पायाभूत सुविधा त्या भागात सर्वोत्तम करण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं होतं. पुढे काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, त्यासाठी १८.४ अब्ज डॉलर मंजूर केले.

२००४ मध्येच त्यातले तीन अब्जांहून जास्त डॉलर पाणी, वीज अशा कामांवरून काढून मुख्यतः सुरक्षेकडे वळवले गेले. दवाखान्यांचंच बघा. दीडशेच्या आसपास बांधायचे होते. एप्रिल २००६ मध्ये अमेरिकेच्याच लेखापरीक्षकांनी हिशोब मांडला, तर सुमारे १८.६ कोटी डॉलर खर्चून सहाच पूर्ण झाले होते! याला काम झालं कसं म्हणायचं?

तरीही त्या वर्षी सरकारने नव्याने मोठा निधी मागायचं टाळलं. नोव्हेंबरमध्ये काँग्रेसच्या निवडणुका होत्या, युद्ध लोकांना नकोसं झालं होतं. माझ्या मते खरं कारण तिथे आहे. ऑक्टोबरमध्ये तर दवाखान्यांचा हिशोब मांडणारं लेखापरीक्षण कार्यालयच वर्षभरात बंद करणारं कलम एका संरक्षण विधेयकातून कायद्यात आलं. ओरड झाल्यावर डिसेंबरमध्ये मुदत वाढवावी लागली.